‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ : जावा रनटाइमची बसवणी आणि तालुक्याचे कार्यालय (१९९५-२०२५)

प्रस्तावना

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा, कंपन्यांचा आणि संशोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. महाराष्ट्रातील ई-प्रशासनाचा इतिहासही योजनांच्या घोषणा, शासन निर्णय आणि संकेतस्थळांची उद्घाटने यांच्या आधारे मांडण्याची प्रथा आहे. या दोन्ही प्रकारच्या लेखनात एक कृती पूर्णतः दुर्लक्षित राहिली. ती म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर एखादे सॉफ्टवेअर चालू होण्यासाठी आवश्यक असणारी आधारप्रणाली बसविणे, ती न बसल्यास कारण शोधणे व पुन्हा बसविणे. कार्यालयात संगणक आल्याची नोंद जडवस्तुसंग्रह नोंदवहीत सापडते. खरेदीची तारीख, देयक क्रमांक, किंमत हे सारे तेथे असते. परंतु त्या संगणकावर कोणती प्रणाली केव्हा बसविली, ती किती वेळा बसली नाही आणि त्यापायी कोणाचे किती दिवस गेले, याची नोंद कोणत्याच वहीत नसते.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे ठिकाण आहे. जिल्हा मुख्यालयाच्या आग्नेयेस असलेले, कापूस उत्पादक पट्ट्यातील हे तालुक्याचे गाव. तहसील कार्यालय, पंचायत समिती, नगर परिषद, शाळा-महाविद्यालये असा तालुक्याच्या गावाचा नेहमीचा प्रशासकीय संसार येथेही आहे. मुंबई-पुण्याच्या कार्यालयास संगणकाचा जाणकार इमारतीतच मिळतो. घाटंजीसारख्या ठिकाणी तो शोधावा लागतो आणि बहुधा यवतमाळहून बोलवावा लागतो. केंद्रीभूत पद्धतीने आखलेल्या संगणकीय व्यवस्थेचा भार शेवटी कोणाच्या टेबलावर येऊन पडतो, हे अशा गावातूनच स्पष्ट दिसते. प्रस्तुत निबंधात जावा या भाषेच्या रनटाइमचा, म्हणजेच ‘जेआरई’चा, या अंगाने विचार केला आहे.

रनटाइम ही संकल्पना

जावा भाषेत लिहिलेला कार्यक्रम संगणकास थेट समजत नाही. तो आधी ‘बाइटकोड’ नावाच्या मध्यम रूपात रूपांतरित होतो आणि संगणकावर बसविलेला रनटाइम तो बाइटकोड वाचून यंत्राकडून काम करवून घेतो. इतिहासाच्या अभ्यासकास मोडी दस्तऐवजाचे उदाहरण जवळचे वाटेल. दप्तरात कागद आहे, तो अस्सलही आहे. पण मोडी वाचणारा जाणकार नसेल तर त्याचा उपयोग नाही. शिवाय शिवकालीन, पेशवेकालीन व आंग्लकालीन मोडीच्या वळणांत फरक असल्याने एका काळाच्या मोडीत मुरलेला वाचक दुसऱ्या काळाच्या कागदावर अडखळतो. रनटाइमचे नेमके हेच होते. जावाच्या प्रत्येक ‘क्लास’ धारिकेच्या आरंभी एक ठरावीक खूण आणि त्यानंतर आवृत्तीचा क्रमांक असतो. जावा ६ साठी तो ५०, जावा ७ साठी ५१ आणि जावा ८ साठी ५२ आहे. जावा ८ साठी तयार केलेली धारिका जावा ६ च्या रनटाइमसमोर ठेवली की तो ती नाकारतो व पडद्यावर ‘अनसपोर्टेड मेजर डॉट मायनर व्हर्जन ५२.०’ असा संदेश उमटतो. हा ५२ कोणता आणि मुळात आपल्याकडे काय कमी आहे, याचा बोध त्या संदेशातून लेखा लिपिकास होण्याची काहीच शक्यता नव्हती.

पूर्वपीठिका

आधारप्रणाली बसविण्याचा प्रश्न महाराष्ट्रात जावामुळे प्रथम उद्भवला असे नाही. मराठी भाषेच्या निमित्ताने तो आधीच परिचित झालेला होता. मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंबा या गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुणे येथे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान सी-डॅकने पुढे नेले. संगणक उघडून त्याच्या खाचेत जिस्ट कार्ड बसविले की डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमात देवनागरी अक्षरे उमटत. म्हणजे मराठीची आधारप्रणाली ही त्या काळात हातात धरता येणारी वस्तू होती. तिची नोंद जडवस्तुसंग्रहात होऊ शकत असे, ती बिघडल्यास दुरुस्तीस पाठविता येत असे.

२००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्स्पीने हे चित्र बदलले. देवनागरीसाठी कार्डाची गरज उरली नाही. प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टंक या प्रणालीबरोबरच मिळत होता. तथापि युनिकोड मराठी प्रत्यक्षात सुरू करण्यासाठी ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये जाऊन भाषांच्या पानावरील एका चौकटीत खूण करावी लागे आणि त्याक्षणी संगणक एक्स्पीची मूळ तबकडी मागे. बहुसंख्य कार्यालयांत संगणक विक्रेत्याने प्रणाली बसवून दिलेली असे, तबकडी मात्र त्याच्याच दुकानात राहिलेली असे. वस्तूची जागा अदृश्य घटकाने घेतली आणि त्याचबरोबर उत्तरदायित्वही अदृश्य झाले. जावाच्या पुढील कथेत हाच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडला.

जावाचे आगमन

सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीने मे १९९५ मध्ये जावा जाहीर केली. ‘एकदा लिहा, कोठेही चालवा’ हे तिचे घोषवाक्य. संगणक कोणत्याही कंपनीचा असो, कार्यप्रणाली कोणतीही असो, कार्यक्रम तोच चालेल, असे हे आश्वासन होते. शासकीय यंत्रणांना त्याचे आकर्षण वाटणे स्वाभाविक होते. देशभरातील कार्यालयांत निरनिराळ्या वर्षी घेतलेली, निरनिराळ्या बनावटीची यंत्रे होती. प्रत्येकासाठी वेगळा कार्यक्रम लिहिण्यापेक्षा एकच जावा कार्यक्रम लिहिणे सोयीचे होते. मात्र हे आश्वासन एका अटीवर उभे होते. ‘कोठेही’ म्हणजे जेथे रनटाइम आधीपासून बसविलेला आहे तेथे. हा रनटाइम विंडोजबरोबर आपोआप मिळत राहिला असता तर कदाचित पुढचा बराच त्रास टळला असता. परंतु सन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात १९९७ पासून चाललेल्या न्यायालयीन वादानंतर मायक्रोसॉफ्टने आपला जावा रनटाइम विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढून घेतला. दोन बलाढ्य कंपन्यांच्या भांडणाची निस्तरणी अशा रीतीने वापरकर्त्याच्या वाट्यास आली. रनटाइम आता त्यानेच आणून बसवायचा होता.

भारतात उगमस्थानी करकपातीची, म्हणजे टीडीएसची, विवरणपत्रे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात भरण्याची योजना २००३ मध्ये अधिसूचित झाली. एनएसडीएल या संस्थेने पुढे विवरणपत्र तयार करण्यासाठी ‘आरपीयू’ व ते तपासण्यासाठी ‘एफव्हीयू’ अशी विनामूल्य साधने उपलब्ध करून दिली. ती जावावर आधारलेली होती. आयकर विभागाने वैयक्तिक विवरणपत्रांसाठी दिलेले एक साधनही जावातच होते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-निविदा प्रणालीत डिजिटल स्वाक्षरीसाठी ब्राउझरमध्ये जावा असणे आवश्यक ठरले. महाराष्ट्राचे ई-निविदा संकेतस्थळ याच प्रणालीवर चालते. अशा रीतीने घाटंजीतील महाविद्यालयाचा लेखा लिपिक, नगर परिषदेचा कर्मचारी आणि रस्त्याच्या कामाची निविदा भरणारा कंत्राटदार हे तिघेही, ज्या भाषेचे नाव त्यांनी कदाचित ऐकलेही नव्हते, तिच्यावर अवलंबून झाले.

‘जावा टाकणे’

कार्यालयीन बोलीत या कामाला ‘जावा टाकणे’ असे नाव पडले. हा शब्दप्रयोग बोलका आहे. विहिरीत औषध टाकावे तसे एकदा टाकले की काम भागते, अशी त्यामागील समजूत. प्रत्यक्षात ते क्वचितच तसे भागे.

पहिली अडचण रनटाइम मिळविण्याचीच होती. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली, पण तालुक्याच्या गावांतून डायल-अप जोडणी त्यानंतरही काही काळ चालू राहिली. डिसेंबर २००६ मध्ये आलेल्या जावा ६ च्या रनटाइमची पूर्ण धारिका साधारण १५-१६ मेगाबाइटची होती. ५६ किलोबिटच्या जोडणीवर, ती पूर्ण वेगाने चालली असे गृहीत धरले तरी, त्यास छत्तीस ते अडतीस मिनिटे लागत. तेवढ्यात दूरध्वनी खणखणला किंवा भारनियमनाची वेळ झाली की काम पुन्हा पहिल्यापासून. जावाच्या संकेतस्थळावर दोन प्रकारची धारिका मिळे. एक लहान, जी बसविताना उरलेला भाग इंटरनेटवरून ओढून घेई, आणि दुसरी मोठी व स्वयंपूर्ण. अननुभवी माणूस साहजिकच लहान धारिका पेन ड्राइव्हवर घेई आणि इंटरनेट नसलेल्या संगणकावर ती निरुपयोगी ठरल्यावरच त्यास दोहोंतील भेद कळे.

दुसरी अडचण रनटाइम बसल्यानंतरची होती. आरपीयू ‘जार’ प्रकारच्या धारिकेत असे. जार ही मुळात एक दाबून बांधलेली गठडीच असल्याने विनरारसारखे साधन संगणकावर असेल तर ते तिच्यावर हक्क सांगे. लिपिकाने धारिकेवर दोनदा टिचकी मारली की विवरणपत्राऐवजी न समजणाऱ्या नावांची यादी उघडे. रनटाइम व्यवस्थित बसलेला, आरपीयूही निर्दोष, आणि तरीही काम होत नाही. धारिकेवर उजवी टिचकी देऊन ती कोणत्या कार्यक्रमाने उघडावी हे बदलणे, एवढाच त्यावर उपाय होता. पण तो ठाऊक नसलेल्या अनेकांनी जावा पुन्हा पुन्हा काढून पुन्हा पुन्हा टाकली.

३२ बिट आणि ६४ बिट यांचा घोळ याहून सूक्ष्म होता. विंडोज ६४ बिट असली तरी ब्राउझर पुष्कळदा ३२ बिट असे, आणि ३२ बिट ब्राउझरला ६४ बिट जावा दिसत नसे. दोन्ही रनटाइम वेगवेगळ्या फोल्डरमध्ये बसत. म्हणजे ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये जावाचे नाव आहे, पण निविदेचे संकेतस्थळ जावा नाही असे सांगते, असा विरोधाभास उभा राही. यावर कोणता तोडगा काढावा हे जाणकारालाही काही वेळ शोधावे लागे. त्याशिवाय बसवणीच्या मध्येच येणारे १६०३ व १६१८ हे क्रमांक होतेच. यांतील दुसऱ्याचा अर्थ दुसरी एखादी बसवणी आधीच चालू आहे इतकाच. संगणक पुन्हा सुरू केला की बहुधा तो सुटे. पहिला क्रमांक मात्र इतक्या निरनिराळ्या कारणांनी येई की त्यातून निदान करणे अवघड होते. जुन्या आवृत्तीचे अवशेष, व्यवस्थापकीय अधिकारांचा अभाव, विषाणूरोधकाचा अडथळा यांपैकी काहीही त्यामागे असू शके. याच बसवणीत एका छोट्या चौकटीतील खूण न काढल्यास ‘आस्क’ नावाची पट्टी ब्राउझरमध्ये येऊन बसे. शासकीय कर भरण्यासाठी जावा घेणाऱ्या कार्यालयांत ही खाजगी जाहिरात वर्षानुवर्षे राहिली, हा त्या काळाचा एक चमत्कारिक अवशेष म्हणावा लागेल.

२०१४ हे वर्ष या इतिहासात विशेष कठीण ठरले. जानेवारीत आलेल्या जावा ७ च्या ५१ व्या सुधारणेने स्वाक्षरी नसलेले वा अपुरी माहिती असलेले अॅप्लेट रोखण्यास सुरुवात केली. संकेतस्थळाचा पत्ता ‘अपवाद यादी’त स्वतः लिहिल्याशिवाय काम होईना. मार्चमध्ये जावा ८ आली. ८ एप्रिल रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्स्पीचा आधार काढून घेतला. जावा ८ ची बसवणी एक्स्पीवर सुरू करताच ‘अॅडव्हापी३२’ या धारिकेत हवा तो प्रवेशबिंदू नसल्याचा संदेश येऊन ती थांबे. ज्यांच्याकडे केवळ एक्स्पीचे संगणक होते त्यांना जुना रनटाइम वापरावा लागला, आणि जुना रनटाइम स्वतःच ‘मी कालबाह्य झालो आहे’ अशी सूचना देऊन अॅप्लेट अडवू लागला. जुन्या संगणकातील घड्याळाची बॅटरी संपून तारीख मागे गेलेली असेल तर प्रमाणपत्रांची वैधता तपासताना आणखी एक गोंधळ उडे.

या साऱ्यातून मार्ग काढणारा वर्ग कोणता होता? महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्यांपर्यंत पोहोचली. त्या अभ्यासक्रमातून टंकलेखन, तक्ते, इंटरनेट यांचे प्राथमिक ज्ञान मिळाले. रनटाइमची दुरुस्ती त्यात नव्हती. ती शिकली गेली सायबर कॅफेत, संगणकवर्ग चालविणाऱ्यांकडे, करसल्लागाराच्या मदतनिसाकडे आणि सर्वांत अधिक फोनवर. ‘आधी सगळ्या जुन्या जावा काढा, मशीन बंद-चालू करा, मग मी सांगतो तीच टाका’ अशा मौखिक सूचनांनी हे ज्ञान गावोगाव फिरले. चालू ठरलेली धारिका पेन ड्राइव्हवर जपून ठेवली जाई आणि ती एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाई. सुरक्षेच्या दृष्टीने ही पद्धत सदोष होती. परंतु अन्य कोणतीही व्यवस्था उपलब्ध नसताना तिला दोष देणे अन्यायाचे होईल.

शुल्क कोणाच्या श्रमाचे?

वित्त अधिनियम, २०१२ अन्वये आयकर अधिनियम, १९६१ मध्ये कलम २३४ई समाविष्ट झाले. १ जुलै २०१२ पासून टीडीएसचे विवरणपत्र मुदतीनंतर दाखल केल्यास प्रत्येक दिवसास २०० रुपये शुल्क लागू झाले. त्याची कमाल मर्यादा कपात केलेल्या कराइतकी होती. कर वेळेवर शासनजमा केलेला असला तरी विवरणपत्र उशिरा गेल्यास हे शुल्क चुकत नव्हते. दहा दिवस जावा चालली नाही तर दोन हजार रुपये, महिना गेला तर सहा हजार. अनुदानित महाविद्यालयात हा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकावा, हा वेगळाच प्रश्न. शिवाय २०१२-१३ या आर्थिक वर्षापासून नमुना १६ चा ‘अ’ भाग ‘ट्रेसेस’ या संकेतस्थळावरूनच काढणे बंधनकारक झाले. विवरणपत्र दाखल झाल्याखेरीज तो निघत नसे. लिपिकाच्या संगणकावरील एका जार धारिकेवर साऱ्या अध्यापकवर्गाचे नमुना १६ अवलंबून राहू लागले, आणि विलंब झाला की रोष मात्र त्या लिपिकावरच.

कलम २३४ई च्या घटनात्मक वैधतेस मुंबई उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले. रश्मिकांत कुंडालिया विरुद्ध भारत सरकार या प्रकरणी फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. विवरणपत्रे उशिरा आल्यामुळे विभागावर जे अतिरिक्त काम पडते त्याबद्दलचे हे शुल्क आहे, ती शिक्षा नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. कायद्याच्या दृष्टीने हे विवेचन सुसंगत आहे. मात्र इतिहासाच्या दृष्टीने त्यातून एक विषमता लक्षात येते. विभागाच्या अतिरिक्त कामाचे मूल्य दिवसाला २०० रुपये असे ठरले. कपातदाराने विभागाचे काम सुलभ व्हावे म्हणून स्वतःच्या संगणकावर रनटाइम आणून बसविण्यात, बिघाड शोधण्यात व सल्लागारास पैसे देण्यात जे घालविले, त्याचे मूल्य कोठेच ठरले नाही. ते काम आहे, असेच मुळी कोणी मानले नव्हते.

याच काळातील आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. जानेवारी २०१३ मध्ये जावातील गंभीर सुरक्षात्रुटी उघड झाल्यावर अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने नागरिकांना ब्राउझरमधील जावा बंद करण्याचा सल्ला दिला. त्याच महिन्यात भारतातील कंत्राटदारास निविदा भरण्यासाठी तीच जावा ब्राउझरमध्ये सुरू करावी लागत होती, आणि सुरक्षेची पातळी खाली आणणे हाच अनेकदा त्यावरील व्यवहार्य उपाय होता. ज्याच्या टोकनवर कायदेशीर डिजिटल स्वाक्षरी होती, त्यालाच आपल्या संगणकाचे दार किलकिले ठेवावे लागले.

अॅप्लेटचा अस्त आणि नंतर

बदल झाला तो ब्राउझर कंपन्यांच्या निर्णयाने. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने व मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने जावा अॅप्लेट चालविणारी जोडव्यवस्था काढून टाकली. सन कंपनी २०१० मध्येच ओरॅकलच्या ताब्यात गेली होती. ओरॅकलने सप्टेंबर २०१७ च्या जावा ९ मध्ये अॅप्लेट कालबाह्य ठरविले आणि सप्टेंबर २०१८ च्या जावा ११ मधून ब्राउझरसाठीचा जोडभाग वगळला. मधल्या काळात केवळ शासकीय कामासाठी एखाद्या संगणकावर इंटरनेट एक्स्प्लोरर जपून ठेवण्याची वेळ आली.

जावा ११ बरोबर आणखी एक बदल झाला, ज्याची चर्चा फारशी झाली नाही. वापरकर्त्यासाठी स्वतंत्र रनटाइम देण्याची पद्धत ओरॅकलने थांबविली. कार्यक्रम तयार करणाऱ्यानेच आवश्यक तेवढा रनटाइम आपल्या कार्यक्रमासोबत बांधून द्यावा, अशी अपेक्षा निर्माण झाली व त्यासाठीचे साधन जावा ९ पासूनच उपलब्ध होते. म्हणजे तेवीस वर्षांनी बसवणीचा भार वापरकर्त्याकडून निर्मात्याकडे सरकला. तत्पूर्वी असे करता आले नसते असे नाही. रनटाइमची प्रत कार्यक्रमाबरोबर देण्याची मुभा पूर्वीही होती, पण धारिका मोठी होते म्हणून व प्रत्येक सुधारणेबरोबर ती नव्याने द्यावी लागते म्हणून ते टाळले गेले. जो भार निर्मात्याला जड वाटला तो हजारो कार्यालयांत वाटून दिल्यावर कोणालाच दिसेनासा झाला. आयकर विभागाचे वैयक्तिक विवरणपत्रांसाठीचे जावा साधन करनिर्धारण वर्ष २०२०-२१ पर्यंत चालले. ७ जून २०२१ रोजी नवे संकेतस्थळ आल्यावर ते मागे पडले.

टीडीएसच्या बाबतीत जुने सहजासहजी सुटले नाही. मागील वर्षांच्या विवरणपत्रांत पॅन क्रमांकाची वा चलनाची चूक आढळल्यास दुरुस्ती विवरणपत्र द्यावे लागे आणि त्यास दीर्घकाळ मुदतच नव्हती. त्यामुळे कित्येक लेखा विभागांत एक जुना संगणक, ज्यावर जावा ‘चालते’, कोणीही हात लावू नये अशा सूचनेसह राखून ठेवला गेला. वित्त (क्रमांक २) अधिनियम, २०२४ ने दुरुस्तीसाठी सहा वर्षांची मर्यादा घातली आणि २००७-०८ ते २०१८-१९ या आर्थिक वर्षांची दुरुस्ती विवरणपत्रे ३१ मार्च २०२५ नंतर स्वीकारली जाणार नाहीत, हे स्पष्ट झाले. त्या तारखेनंतर या संगणकांपैकी अनेकांचे कायदेशीर प्रयोजन संपले. निर्लेखनाच्या प्रस्तावात त्यांची नोंद ‘संगणक संच, नग १’ अशी होईल. त्यांच्या पडद्याच्या कडेला चिकटविलेली, कोणती जावा कोणत्या क्रमाने टाकावी हे हाताने लिहिलेली चिठ्ठी मात्र त्या प्रस्तावास जोडली जात नाही.